औषध स्वस्त, रस्ता महाग
महाड-पोलादपुरात म्हातारं किंवा अपंग कुत्रं सांभाळायचं तर नेमका किती खर्च येतो?

आमच्या घरात एक दोनशे पानी वही आहे. सुरुवातीला गॅस सिलिंडरच्या तारखा, मध्ये दूधवाल्याचा हिशेब, आणि उलटीकडून उघडली की म्हातारीचा खर्च. म्हातारी म्हणजे आमची कुत्री. एमआयडीसीतल्या एका गेटवर ती आठ-नऊ वर्षं वॉचमनच्या डब्यावर वाढली. मग ट्रकचा धक्का लागून तिचे मागचे पाय गेले आणि ती आमच्या पडवीत आली. बघायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, 'हिला खायला किती लागतं?' अडीच वर्षं वही लिहिल्यावर सांगते, खाण्याला फारसं लागत नाही. औषधाला लागतं तेही लोक समजतात त्याहून कमी. पैसे जातात पहिल्या महिन्यात, आणि नंतर प्रत्येक वेळी महाडच्या बाहेर गाडी काढावी लागते तेव्हा.

पुढचे आकडे माझ्या वहीतले आणि ओळखीच्या चार-पाच घरांना विचारून ताडून पाहिलेले आहेत. २०२५ सालचे, पंधरा ते अठरा किलोच्या गावठी कुत्र्याचे. दुकान आणि डॉक्टर बदलला की शे-दोनशे इकडेतिकडे होतील.

आणायचं कुठून

आपल्याकडे असं कुत्रं बहुतेक वेळा आपणच निवडत नाही. मुंबई-गोवा हायवेच्या कडेला पडलेलं दिसतं, कंपनी बंद पडली म्हणून गेटवर उरतं, नाहीतर पोलादपूरकडच्या एखाद्या वाडीत म्हातारा धनी वारतो, मुलं मुंबईला असतात, घराला कुलूप लागतं आणि कुत्रं पायरीवर बसून राहतं. गणपतीत चाकरमानी आले की दहा दिवस त्याची चंगळ, अकराव्या दिवसापासून पुन्हा शेजाऱ्यांच्या भाकरीवर. त्यात ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश दिला. स्टँडवर दहा वर्षं काढलेल्या कुत्र्याला आता घर शोधावं लागणार.

दुसरी वाट म्हणजे मुंबई-पुण्याच्या एखाद्या निवाऱ्यातून दत्तक घेणं. तिथे आंधळी, तीन पायांची, फिट येणारी कुत्री वर्षानुवर्षं पडून असतात, कारण येणारा प्रत्येक जण पिल्लू मागतो. खर्चाच्या दृष्टीने ही वाट बरी. नसबंदी आणि लसीकरण झालेलं असतं, रक्ताचे जुने रिपोर्ट असतात, आणि कुत्रं काय खातं, कुणावर गुरगुरतं, हे सांगणारं माणूस असतं. तीन महिन्यांच्या आतला रक्ताचा रिपोर्ट मागून घ्या. जमलं नाही तर परत घ्याल का, हे आधीच विचारा आणि कागदावर घ्या. फोटो पाठवून आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आणि कृपा करून जूनमध्ये आणू नका. नवी जागा, ओली पडवी, गोचिडं आणि अधूनमधून जाणारी वीज, हे सगळं एकदम म्हाताऱ्या जिवाच्या अंगावर येतं. दिवाळी संपल्यापासून शिमग्यापर्यंतचा काळ उत्तम.

रस्त्यावरून उचलणार असाल तर आधी हे वाचा. अपघाताची खूण नाही पण पाय लटपटतायत, लाळ गळतेय, जबडा लोंबलाय, भुंकण्याचा आवाज घोगरा झालाय, पाणी गिळता येत नाही, असं कुत्रं दिसलं तर हात लावू नका. पिसाळलेलं कुत्रं दरवेळी धावून चावतंच असं नाही. रेबीजचा एक प्रकार मुका असतो. 'घशात हाड अडकलंय वाटतं' म्हणून तोंडात हात घालणारी भली माणसं त्यातच सापडतात. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. लाळ लागली किंवा चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचं. तिथे लस फुकट मिळते. खोल जखम असेल तर लसीबरोबर सीरमही लागतं, ते आहे का हे जातानाच विचारा. नेहमी कुत्र्यांत वावरणाऱ्याने आधीच तीन डोसांचा कोर्स करून ठेवावा. खासगीत हजार-बाराशे लागतात. वहीतली ही पहिली ओळ असायला हवी होती. माझ्या वहीत ती चौथ्या पानावर आहे, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

पहिला महिना : दहा हजार

तपासणी ३००. रक्त, म्हणजे पेशी, यकृत आणि मूत्रपिंड, मिळून १,६००. दोन बाजूंनी एक्स-रे १,३००. गोचिडाची गोळी ९००. रेबीजची लस ३००, सात रोगांची एकत्र लस ९००, जंताचं औषध ८०. बेरीज ५,३८०. पुण्याची गाडी ४,५००. म्हणजे दहा हजारांना शंभर-सव्वाशे कमी. यातली रेबीजची लस आणि जंताचं औषध सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात अगदी कमी पैशांत होतं. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या आसपास बऱ्याच ठिकाणी मोफत लसीकरण असतं, त्याची चौकशी करा.

सरकारी दवाखान्याबद्दल दोन शब्द. तिथल्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशी-शेळ्यांत जातो आणि ते रास्तच आहे. सकाळी लवकर जा, कुत्र्याच्या तोंडाला पट्टी बांधून न्या, आणि पशुधन विकास अधिकारी कधी भेटतात ते फोन करून विचारा. पशुधन पर्यवेक्षक इंजेक्शन देईल, मलमपट्टी करेल, पण मूत्रपिंडाचं निदान डॉक्टरकडूनच घ्यायचं. १९६२ हा टोल-फ्री नंबर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा. ती सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी आहे हे लक्षात ठेवून फोन करा.

रक्ताच्या बाबतीत एक पैसे वाचवणारी गोष्ट. क्रिएटिनिन, यकृताची तपासणी हे माणसांच्या लॅबमध्येही होऊ शकतं, लॅबवाला तयार असेल तर. पण रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा माणसाची असते, ती वाचून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. पेशींची मोजणी मात्र जनावरांच्या लॅबमध्येच करा. माणसांच्या मशीनवर कुत्र्याच्या प्लेटलेट चुकतात, आणि गोचीडतापात नेमक्या त्याच पाहायच्या असतात.

दर महिन्याचं

चालतंफिरतं म्हातारं कुत्रं दोन हजारांत सांभाळून होतं. त्यातले हजार पोटाचे : पाच किलो तांदूळ, सहा-सात किलो कोंबडीचे पाय-मुंड्या, पंधरा अंडी, लाल भोपळा, गाजर, थोडं दही. दात गेलेले असतील तर सगळं मऊ शिजवून कुस्करायचं, पाय-मुंड्यांतली शिजलेली हाडं वेचून टाकायची, ती अजिबात द्यायची नाहीत. आमटीतला कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट वर्ज्य. कोकणातलं लाडकं सुकटही खारट म्हणून बंद, हृदय आणि मूत्रपिंड दोन्हींना ते जड जातं. उरलेले हजार गोचिडाची गोळी आणि सांधेदुखीच्या औषधाचे.

मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला साडेतीन हजार धरा. जास्तीचे दीड हजार लंगोट, मलम आणि साबण-डिटर्जंटचे. लहान मुलांचं डायपर दहा-बारा रुपयांना पडतं, शेपटीसाठी भोक पाडायचं. आम्ही दिवसा जुन्या सुती साड्यांचे तुकडे वापरायचो आणि डायपर फक्त रात्री, त्यात सहाशे रुपये वाचायचे आणि कातडीही चांगली राहायची. अंथरुणाला गोणपाटात भाताचा पेंढा भरा, वर जुनी गोधडी. पेंढा आठवड्याला बदलला नाही तर गोचिडांचं माहेरघर होतं. चार-चार तासांनी कूस बदलायची, नाहीतर खुब्यावर जखम पडते आणि ती भरायला महिना घेते.

खरी किंमत मात्र पैशांत नाही, हातांत मोजावी लागते. पाठीचा कणा दुखावलेल्या बऱ्याच कुत्र्यांना लघवी आपली आपण होत नाही. पोट हळूच दाबून ती दिवसातून तीन-चार वेळा काढावी लागते, नाहीतर आत साचून संसर्ग होतो. ते डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यायचं, व्हिडिओ बघून नाही. आम्ही दोघं नोकरीवर. दुपारची वेळ कुणाची? म्हातारीला पहिल्यांदा पुण्याला नेलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, 'अगं, माणसांना दवाखाना मिळत नाही इथे आणि तुम्ही कुत्र्याला पुण्याला नेताय.' मला उत्तर सुचलं नव्हतं, आजही नीट सुचत नाही. पण अडीच वर्षं दुपारी दीड वाजता तिची लघवी त्यांनीच काढली, 'ये गं भवाने' म्हणत. घरात दुपारचे हात नसतील तर कुणाला तरी रोज बोलवावं लागेल. दिवसाला पन्नास रुपये म्हटले तरी महिन्याचे दीड हजार झाले, आणि असं माणूस मिळालंच तर.

आंधळं कुत्रं त्या मानाने फुकट. मोतीबिंदू उतरलेलं कुत्रं महिन्याभरात घराचा नकाशा पाठ करतं. फक्त सामान हलवायचं नाही, विहिरीला कठडा हवा, आणि पायरीपाशी खरखरीत पायपुसणं टाकायचं म्हणजे पायाला खूण पटते. फिट येणाऱ्या कुत्र्याची गोळीही महाग नाही, फेनोबार्बिटोनचे महिन्याला दोन-तीनशे होतात. पण ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही, सगळे दुकानदार ठेवत नाहीत, आणि एकदम बंद केली तर जिवावर बेततं. पंधरा दिवसांचा साठा कायम घरात हवा. सहा महिन्यांनी यकृताची तपासणी.

दर महिन्याला महाग पडणारा आजार एकच, मूत्रपिंडाचा. त्यासाठीचं पाकिटातलं अन्न किलोला हजाराच्या आसपास पडतं आणि महिन्याला सहा किलो लागतं. ते परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. घरचं जेवण कसं बदलायचं ते सांगतील. लाजून गप्प बसणारे लोक पहिलं पाकीट आणतात आणि दुसरं आणत नाहीत. विम्याची आशा धरू नका, वय झालेल्या कुत्र्याला नवी पॉलिसी बहुधा मिळत नाही.

उलट एक आजार ऐकायला भयंकर आणि खर्चाला सोपा आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांना गुप्तांगावर रक्ताळलेली गाठ येते, डॉक्टर तिला टीव्हीटी म्हणतात. कॅन्सर म्हटलं की लोक हात झटकतात. पण आठवड्याला एक, अशा चार ते सहा इंजेक्शनांत बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. औषध स्वस्त आहे, तपासणीसकट एका खेपेला पाचशे ते हजार. त्या गाठीपायी कुत्रं सोडून देऊ नका. लूत लागलेल्या, केस झडून हत्तीच्या कातडीसारख्या झालेल्या कुत्र्याचंही तसंच. दीड-दोन महिन्यांच्या औषधाने ते ओळखू येत नाही.

दुखण्याची गोळी आणि गिधाडं

वहीत एका तारखेसमोर फक्त 'गोळी' असं लिहिलंय आणि पुढे ३,८०० रुपये. थंडीत म्हातारीची पाठ आखडली, रविवार होता, म्हणून औषधाच्या दुकानातून माणसांची दुखण्याची गोळी आणली. दुकानदाराने दिली, मी खाऊ घातली. तिसऱ्या दिवशी काळी उलटी. पाच दिवस सलाईन. चूक माझीच. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांतलं काहीही कुत्र्याला आपल्या मनाने द्यायचं नाही. पोट फाटतं, मूत्रपिंड जातं.

आपल्या भागाला तर डायक्लोफेनॅक हे नाव नव्याने सांगायला नको. हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. त्यापायी देशभरातली गिधाडं संपत आली, आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. महाडच्या सिस्केप संस्थेने म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गिधाडं वाचवण्यासाठी जे काम केलं ते इथे बहुतेकांना ठाऊक आहे. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाली. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित मानलं जातं आणि म्हाताऱ्या कुत्र्यांच्या सांध्यांनाही डॉक्टर बहुधा तेच देतात, मोजून, जेवणानंतर, मूत्रपिंड तपासून. महिन्याला दीड-दोनशे रुपये. जी माणसांची औषधं कुत्र्यांना चालतात, हृदयाची, फिटची, काही अँटिबायोटिक, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जनऔषधी केंद्रात घ्या. माझं बिल निम्म्यावर आलं.

रस्ता

रक्ताचा नमुना इथेच घेता आला. मणक्याचा एक्स-रे, सोनोग्राफी आणि भूल देऊन करायच्या गोष्टींसाठी मात्र मला बाहेरच जावं लागलं. माणगाव-ताम्हिणीमार्गे पुणे जाऊन-येऊन पावणेतीनशे किलोमीटर, भाड्याची गाडी, चहापाणी, थांबण्याचे : साडेचार हजार. वर्षात तीन खेपा झाल्या की साडेतेरा हजार. त्याच वर्षात म्हातारीच्या रोजच्या औषधांना सव्वाचार हजार लागले होते. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई रुग्णालय आहे, महालक्ष्मीला २०२४ पासून टाटांचं प्राण्यांचं रुग्णालय आहे, पण हायवेची अवस्था आणि मुंबईची गर्दी पाहता दुखणाऱ्या कुत्र्याला ती सहल परवडत नाही.

लोकांच्या लक्षात न येणारी एक जागा म्हणजे शिरवळ. तिथलं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय सरकारी आहे, रुग्णालय आहे, शुल्क खासगीपेक्षा पुष्कळ कमी. वरंधा घाट चढून भोरवरून गेलं तर गाडीभाडं तीन हजारांच्या आत. पोलादपूरकरांना आंबेनळीतून महाबळेश्वर-वाईमार्गेही जाता येतं. पावसाळ्यात वरंधा बऱ्याचदा बंद ठेवतात आणि आंबेनळीत कधी दरड येईल सांगता येत नाही, त्यामुळे मोठ्या तपासण्या मे महिना संपायच्या आत उरकायच्या.

खेप वाचवायची तर आधी फोन करा, एक्स-रे-रिपोर्ट मोबाइलवर पाठवा, आणि गेल्यावर तीन महिन्यांचं औषध आणि 'असं झालं तर हे करा' एवढं लिहून घेऊन या. रिकामी परतणारी ओळखीची गाडी निम्म्या पैशांत येते. महाड-पोलादपूर एवढंच जायचं असेल तर मिनिडोरवाल्याला आधी सांगून, खाली ताडपत्री टाकून, दोन सीटचे पैसे देऊन जा, कुरकुर होत नाही. पंधरा हजार रुपये 'रस्त्याचे' म्हणून बाजूला ठेवता येत असतील तरच आजारी कुत्रं घ्या, असं मी विचारणाऱ्यांना सांगते. कठोर वाटतं, पण मध्यरात्री गाडी मिळते आणि पैसे नसतात तेव्हाचं कठोरपण वेगळंच असतं. नसबंदी न झालेली म्हातारी कुत्री असेल तर हे दुप्पट लागू. तिच्या गर्भाशयात पू झाला तर रातोरात शस्त्रक्रिया लागते आणि शहरात पंधरा-वीस हजार होतात. तीच नसबंदी आधी, धडधाकट असताना, पाच-सात हजारांत होते.

पावसाचे चार महिने

जून ते सप्टेंबरचा खर्च वेगळा लिहा. ओल्या कातडीवर माशी बसते, अंडी घालते, आणि दोन दिवसांत जखमेत अळ्या. पहिल्या दिवशी दिसलं तर दोनशे रुपयांच्या स्प्रेवर भागतं. चौथ्या दिवशी दिसलं तर भूल, सफाई, पंधरा दिवस ड्रेसिंग, तीन ते पाच हजार. म्हणून रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन कान, शेपटीखाली, बोटांच्या बेचक्या पाहायच्या. लेप्टोची लस पावसाआधी. उंदरांच्या लघवीतून येणारा हा रोग कुत्र्यालाही होतो आणि त्याच्याकडून घरालाही. गोठ्यातल्या गुरांवर मारायचं गोचिडाचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्यावर ओतू नका, चाटून विषबाधा होते.

आणि पूर. २२ जुलै २०२१ ला महाडात काय झालं ते इथल्या कुणाला सांगायची गरज नाही. त्या रात्री लोकांनी दोऱ्या सोडल्या, दारं उघडली, आणि ज्यांना पोहता येत होतं ती कुत्री कुठे ना कुठे चढली. मागचे पाय नसलेलं कुत्रं चढणार नाही. नदीकाठच्या घरांनी जूनमध्येच वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर त्याची जागा ठरवून ठेवावी. दोन टोकांना धरून उचलता येईल असं गोणपाट, दहा दिवसांची औषधं घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि तांदळाऐवजी चुरमुरे-बिस्किटं. हे सगळं पाचशे रुपयांत होतं.

मागचे पाय गेलेल्या कुत्र्यासाठीची चाकांची गाडी विकत पाच ते बारा हजारांना मिळते. आम्ही वेल्डिंगवाल्याकडून बाबागाडीची चाकं आणि पाइप वापरून अठराशेत करून घेतली. मापं घेताना कुत्रं उभं धरायचं, झोपवून घेतली की चुकतात. आणि आधीच सांगते, पावसाळ्यात आपल्या गल्ल्यांतल्या चिखलात ती चालत नाही. वर्षाचे आठ महिने धरूनच पैसे घाला.

शेवटचं पान

कुत्रं खाणं सोडतं, उठवलं तरी मान वर करत नाही, औषधाला दुखणं दाद देत नाही, तेव्हा डॉक्टर इंजेक्शनचा विषय काढतात. बरा न होणारा आजार असेल तर पशुवैद्यकाच्या हातून वेदनेविना मरण देणं कायद्यात बसतं. घरी येऊन दीड ते तीन हजार घेतात. आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायला सांगा. निर्णय शुक्रवारपर्यंत घ्या. रविवारी डॉक्टर मिळत नाही आणि तो एक दिवस कुत्र्याला फार लांब पडतो.

पुरायला स्वतःची जागा नसेल तर आधी विचारून ठेवावी लागते, ऐन वेळी शेजारी नाही म्हणतात. खड्डा चार फूट तरी हवा, विहीर आणि ओढ्यापासून लांब, वर दगड रचायचे, नाहीतर कोल्ही उकरतात. जांभ्यात खणायला दोन माणसं लागतात, आम्ही हजार रुपये दिले. चुना साठ रुपये. न उघडलेल्या औषधांच्या पट्ट्या, तारीख बघून, डॉक्टरांकडे परत दिल्या. चाकांची गाडी पोलादपूरला एका घरी गेली आहे. त्यांचं कुत्रं म्हातारीपेक्षा उंच आहे, पट्टे बदलावे लागतील, चाकं अजून चांगली आहेत.